रोगच होणार नाही अशी कोंबडी तयार करता येईल का?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात तेच झालं, आणि महिन्याभरात पुन्हा नवापूरला. दर वेळी पांढऱ्या पोशाखातली माणसं, चुना टाकलेले खड्डे, रिकामी शेड आणि शहरात कोसळलेले चिकनचे भाव. दर वेळी लोक एक रास्त प्रश्नही विचारतात. तांबेरा न पडणारा गहू निघतो, मग बर्ड फ्लू न होणारी कोंबडी का निघत नाही?

काही रोगांच्या बाबतीत अशा कोंबड्या काही दशकांपूर्वीच निघाल्या आहेत. बर्ड फ्लूच्या बाबतीत तो प्रयत्न २०२३ मध्ये जगासमोर आला, आणि त्याचा निकाल आशा वाढवणाराही होता आणि सावध करणाराही. दोन्ही नीट समजायचे तर आधी एक गुंता सोडवावा लागतो.

"रोग होत नाही" याचे तीन अर्थ

शेडमध्ये विषाणू आला आणि एक कोंबडी धडधाकट राहिली, तर तिच्या शरीरात तीनपैकी एक काहीतरी घडलेलं असतं.

पहिली शक्यता, विषाणू तिच्या पेशीत शिरूच शकला नाही. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटून आत जातो. त्या प्रथिनाचा आकार जन्मतःच बदललेला असेल तर त्याला चिकटायला जागा राहत नाही. कोंबड्यांमध्ये रक्तपेशींचा कर्करोग आणि यकृतावर गाठी करणारा ल्यूकोसिस नावाचा रोग आहे. त्याच्या काही विषाणूंना असा संपूर्ण अटकाव करणारी जनुकं, म्हणजे आईबापांकडून आलेल्या सूचनांचे तुकडे, माहीत झाली आहेत. मात्र आई आणि बाप दोघांकडूनही बदललेलीच प्रत मिळावी लागते.

दुसरी शक्यता, विषाणू शिरला, पण शरीराने त्याला वाढू दिलं नाही.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी आहे. विषाणू शिरला, वाढला, विष्ठेतून आणि श्वासातून बाहेरही पडला, पण पक्षी आजारी दिसलाच नाही. बदकाकडे पाहा. बर्ड फ्लूचे अनेक प्रकार बदकाच्या अंगात वाढतात, तरी ते आरामात पोहत असतं. विषाणूची चाहूल लागताच पेशीला सावध करणारं रिग-आय नावाचं एक जनुक बदकात आहे आणि कोंबडीत नाही, हे २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं. बदक तगतं त्यामागचं हे एक कारण.

पहिल्या दोन प्रकारांना शास्त्रज्ञ प्रतिकार म्हणतात, तिसऱ्याला सहनशीलता. मालकाच्या वहीत तिन्हींची नोंद सारखीच होते: मरतूक कमी. शेजारच्या शेडसाठी मात्र प्रतिकार ही सुरक्षा आणि सहनशीलता हा धोका. रोगमुक्त कोंबडीच्या प्रत्येक बातमीत आधी हेच विचारायला हवं, की ती यातल्या कुठल्या अर्थाने रोगमुक्त आहे.

मरेक: जिथे हे सगळं आधी कळलं

१९०७ मध्ये बुडापेस्टचे पशुवैद्य योझेफ मरेक यांनी पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन केलं. तोच आजचा मरेक रोग. एक पाय पुढे, एक मागे ताणून पडलेली तलंग ही त्याची ओळखीची खूण. आत मज्जातंतू जाड झालेले असतात आणि यकृत, प्लीहा यांवर गाठी येतात. कारण एक नागीण-कुळातला विषाणू. तो पिसांच्या मुळाशी पिकतो आणि कोंड्याबरोबर झडतो. शेडमधल्या त्या धुळीत तो महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे जुन्या शेडमधलं नवं पिल्लू पहिल्या दिवसांतच तो श्वासातून घेतं.

मांसासाठीचा ब्रॉयलर सहाएक आठवड्यांत विकला जातो, त्यामुळे त्याला याचा त्रास कमी. अंड्यांची कोंबडी वर्षाहून जास्त जगते आणि देशी पक्षी महिनोन्‌महिने सांभाळला जातो. मरेकचा फटका त्यांनाच बसतो.

हा रोग विषाणूने होतो हे १९६७ मध्ये पक्कं झालं. त्याच सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रँडल कोल एक साधा प्रयोग करत होते. एकाच कळपातल्या पक्ष्यांची पिल्लं त्यांनी विषाणूच्या तोंडी दिली. ज्यांची पिल्लं टिकली त्या आईबापांची एक ओळ चालवली आणि ज्यांची मेली त्यांची दुसरी. जेमतेम काही पिढ्यांत एका ओळीतले बहुतेक पक्षी तगू लागले आणि दुसरीतले बहुतेक दगावू लागले. विषाणू तोच आणि कळप मुळात एकच होता, त्यामुळे हा फरक वंशातूनच आला असं म्हणावं लागलं.

तो वंशातला फरक नेमका कशात होता? तगणाऱ्या ओळीत बी-२१ नावाचा एक रक्तगट भरला होता, मरणाऱ्या ओळीत बी-१९. कोंबड्यांचे हे बी रक्तगट आधीपासून माहीत होते. पण रक्तगटाचा गाठींशी काय संबंध, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

दाराबाहेरचा कचऱ्याचा डबा

सोसायटीत कचरा उचलणाऱ्या माणसाला कुठल्या घरात काय शिजलं ते आत न जाता कळतं, कारण प्रत्येक दाराबाहेर डबा असतो. पेशीचंही तसंच आहे. आत तयार झालेल्या प्रथिनांचे छोटे तुकडे ती सतत बाहेर मांडत असते. रोगप्रतिकारक पेशी फिरत फिरत ते तुकडे तपासतात. नेहमीचे तुकडे दिसले तर पुढे जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर ती पेशी मारून टाकतात, म्हणजे विषाणूचा कारखानाच बंद.

बी रक्तगट ठरवणारी जनुकं हे डबे बनवतात. आणि इथे कोंबडी आपल्यापेक्षा फार वेगळी निघाली. माणसात अशा मुख्य डब्यांचे सहापर्यंत प्रकार असतात, तीन आईकडून आणि तीन बापाकडून. एकात न मावलेला तुकडा दुसऱ्यात मावतो. कोंबडीत मात्र एकाच जातीचा डबा मोठ्या प्रमाणात वापरला जातो. जिम कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कोंबडीचा हा जनुकपट्टा वाचून दाखवला, तेव्हा तो आश्चर्य वाटावं इतका आटोपशीर होता. माणसात जिथे दोनशेहून अधिक जनुकं पसरलेली आहेत तिथे कोंबडीत एकोणीस.

म्हणून कोंबडीत त्या एका डब्याच्या आकाराला विलक्षण महत्त्व येतं. बी-२१ च्या डब्याचं तोंड सैल आहे, त्यात नाना आकारांचे तुकडे मावतात. मरेकच्या विषाणूचा कुठला ना कुठला तुकडा बाहेर दिसतोच आणि पेशी पकडली जाते. काही गटांचे डबे फार चोखंदळ, त्यांत ठरावीक घडणीचेच तुकडे बसतात. विषाणूचे तुकडे त्या घडणीचे नसतील तर तपासणीला आलेल्यांना काहीच दिसत नाही.

मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं. कुठल्याशा रक्तगटाच्या नोंदीपासून सुरू झालेला धागा थेट एका प्रथिनाच्या खाचेच्या आकारापर्यंत पोचतो, असं जीवशास्त्रात वारंवार घडत नाही.

मग सगळ्या कोंबड्या बी-२१ करून टाका!

अंड्यांच्या कोंबड्यांची पैदास करणाऱ्यांनी चांगल्या बी गटांना झुकतं माप दिलं, आणि ते योग्यच होतं. पण एवढ्यावर भागत नाही, दोन कारणांनी.

पहिलं कारण मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगच्या सरकारी कुक्कुटरोग प्रयोगशाळेत सापडलं. तिथे सहा आणि सात क्रमांकांच्या दोन प्रसिद्ध ओळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. दोन्हींचा बी गट एकच, बी-२. तरी सहा नंबरची ओळ मरेकच्या गाठींना दाद देत नाही आणि सात नंबरची सहज बळी पडते. म्हणजे डब्याखेरीज इतर बरीच जनुकं आहेत. प्रत्येकाचा वाटा लहान, पण बेरीज मोठी. बहुतेक रोगांचं असंच असतं.

दुसरं कारण, एका रोगात सरस ठरलेला गट दुसऱ्या रोगातही सरस ठरेल असं नाही. चोखंदळ डबा एखाद्या वेगळ्याच विषाणूचा नेमका तुकडा घट्ट पकडून मांडू शकतो. सगळ्या कोंबड्यांना एकच डबा दिला आणि उद्या त्यातून निसटणारा विषाणू आला, तर देशभरची शेडं एकाच वेळी उघडी पडतील. बी गटांची विविधता निसर्गाने टिकवून ठेवली ती याचमुळे.

पण लस आहे ना, मग वंशाच्या मागे कशाला लागायचं?

हा आक्षेप वजनदार आहे. १९७० च्या आसपास टर्कीतल्या एका निरुपद्रवी नातलग विषाणूपासून मरेकची लस निघाली. तिने अंड्यांचा धंदा वाचवला, यात शंका नाही. आजही हॅचरीत पहिल्याच दिवशी ती टोचली जाते.

पण ही लस गाठी थांबवते, संसर्ग थांबवत नाही. लस घेतलेली कोंबडी विषाणू घेते, वाढवते आणि कोंड्यातून झाडत राहते. वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी हा तिसरा, सहनशीलतेचा. त्याचा परिणाम अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवला. मरेकचे अतिजहाल विषाणू बिनलशीच्या कोंबडीला इतक्या झटपट मारतात की तिच्यातून फारसे पसरायला वेळच मिळत नाही. लशीची कोंबडी मात्र जगते आणि तेच जहाल विषाणू आठवडेच्या आठवडे सोडत राहते. जो विषाणू एरवी स्वतःच्याच जहालपणाने संपला असता त्याला तगून राहायला जागा मिळाली.

यावरून लस टोचू नका असा अर्थ कुणी काढला तर त्याचे पक्षी मरतील. हा निष्कर्ष माणसांच्या गोवर-पोलिओच्या लशींनाही लावता येत नाही, त्या संसर्ग आणि प्रसार मोठ्या प्रमाणात रोखतात. मरेकपुरता अर्थ एवढाच, की लशीला जोड हवी. वंशात प्रतिकार असेल तर लसही जास्त चांगलं काम करते, आणि कोणत्या बी गटाला कुठली लस अधिक लागू पडते यातही फरक दिसले आहेत.

बर्ड फ्लूसाठी काय केलं?

मरेकमध्ये तगणारे पक्षी कळपात आधीपासून होते, त्यांना फक्त निवडायचं होतं. जहाल बर्ड फ्लूत निवडायला कुणी उरतच नाही, शेडच्या शेड संपतं. म्हणून इथे दुसरी वाट धरावी लागली, ती जनुक-संपादनाची. यात बाहेरचं जनुक आणून घालत नाहीत, आहे त्याच जनुकातली अक्षरं नेमक्या जागी बदलतात.

फ्लूचा विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढतो, पण एकट्याच्या बळावर नाही. त्याला कोंबडीचंच एएनपी३२ए नावाचं प्रथिन हाताशी लागतं, हे २०१६ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाने शोधलं. याच कुळातलं एएनपी३२बी हे दुसरं प्रथिनही कोंबडीत आहे, पण विषाणूला ते वापरता येत नाही, कारण त्यातले दोन घटक वेगळे आहेत. मग विचार सुचला तो सरळ होता. निसर्गाने दुसऱ्या प्रथिनात केलेला तो दोन घटकांचा बदल पहिल्यातही करून पाहायचा.

एडिंबरोच्या रोझलिन संस्थेने तशा कोंबड्या जन्माला घातल्या. निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये छापून आले. नेहमीच्या संसर्गाइतकी मात्रा दिल्यावर दहापैकी नऊ पक्ष्यांना लागण झाली नाही, आणि ज्या एकाला झाली त्याने ती पुढे दिली नाही. पक्षी निरोगी वाढले, अंडीही देऊ लागले. हा पहिल्या-दुसऱ्या अर्थाचा, खरा प्रतिकार होता.

मग त्यांनी हजारपट मात्रा दिली. या वेळी दहापैकी पाच पक्ष्यांना लागण झाली. त्यांच्यातून काढलेले विषाणू बदललेले होते. नेहमीचं प्रथिन हातचं गेल्यावर त्यांनी बदललेल्या एएनपी३२ए शीही जुळवून घेतलं आणि ज्यांना ते कधी विचारत नव्हते त्या कुळातल्या इतर दोन प्रथिनांशीही. संशोधकांनी मग पेशींमध्ये ही तिन्ही जनुकं बंद करून पाहिली. तिथे विषाणू वाढला नाही. पण या प्रथिनांची शरीराला इतर कामांसाठीही गरज असते, तेव्हा तिन्ही बदललेला पक्षी धडधाकट वाढेल का, हे पक्ष्यातच पाहावं लागेल.

आणखी एक काळजी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. या कुळातली प्रथिनं माणसाच्या पेशींतही आहेत, थोड्या वेगळ्या घडणीची. पक्ष्यांचा फ्लू माणसात सहजासहजी वाढत नाही याचं एक कारण हीच वेगळी घडण. अर्धवट अडवलेला विषाणू परक्या घडणीच्या प्रथिनांशी जुळवून घ्यायला लागला, तर तो कोणत्या दिशेने बदलतो हे फार बारकाईने पाहावं लागतं. माझं मत असं, की एकाच बदलावर विसंबलेली कोंबडी शेडमध्ये सोडू नये. रोझलिनच्या लोकांनीही पुढची वाट अनेक बदलांची आहे असंच सांगितलं. शिवाय हा प्रयोग एच९एन२ या सौम्य प्रकारावर झाला होता, नवापूरला २००६ मध्ये आलेल्या एच५एन१ वर नव्हे, हेही विसरता कामा नये.

अशी कोंबडी खायला चालेल का?

बदललेलं प्रथिन कोंबडीचंच आहे, फरक दोन घटकांचा, आणि इतर प्रथिनांप्रमाणे तेही पोटात पचून जाईल. जनुक-संपादित जनावर खाण्यासाठी मान्य होण्याची उदाहरणंही आहेत. श्वसनाचा एक विषाणूजन्य रोग न होणाऱ्या डुकरांना एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मंजुरी दिली. भारताने २०२२ मध्ये संपादित पिकांच्या काही प्रकारांना नियमांतून सूट दिली, पण ती वनस्पतींपुरती आहे.

गावरान कोंबडीला मुळात रोग होतच नाही, मग तीच पाळा

हे वाक्य गावात, बाजारात, सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण ज्या अर्थाने म्हणतात त्या अर्थाने नाही.

गावात मानमोडी, म्हणजे राणीखेत, शिरली की बिनलशीची खुराडी दोन-चार दिवसांत रिकामी होतात, हे प्रत्येक पाळणाऱ्या बाईला ठाऊक असतं. त्या मेलेल्या पक्ष्यांची नोंद कुठे होत नाही, आणि जे उरतात त्यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, गावरानला काही होत नाही. शिवाय दहा कोंबड्या मोकळ्या अंगणात फिरतात आणि दहा हजार एका छपराखाली राहतात. विषाणूला एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो तो फरक पाळण्याच्या पद्धतीतून येतो, वंशातून नव्हे. तीच गावरान कोंबडी बंदिस्त शेडमध्ये दाटीने भरली तर तिचा हा फायदा जातो.

तरीही वंशाचा वाटा आहे. इजिप्तच्या फायूम भागातली फायोमी कोंबडी अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात अनेक दशकं सांभाळली आहे. सुझन लॅमंट यांच्या गटाने तिची आणि लेगहॉर्न या अंड्यांच्या वाणाची तुलना केली, तेव्हा राणीखेतचा विषाणू फायोमीने लवकर आटोक्यात आणला. आपल्याकडच्या असील, कडकनाथ या देशी वाणांबद्दल काटकपणाचे दावे खूप होतात. ते पारखायची रीत हीच: एकाच शेडमध्ये, एकाच खाद्यावर, एकाच मात्रेला दोन वाण समोर ठेवायचे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलपासून निर्भीक आणि कडकनाथपासून श्यामा हे संकर केले, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया दिले. अंगणात तगणं आणि बऱ्यापैकी अंडी देणं यांचा मेळ घालायचा हे प्रयत्न आहेत.

गावरान पक्ष्यांची खरी किंमत मला त्यांच्या विविधतेत दिसते. कंपन्यांचे लाखो पक्षी मूठभर मूळ ओळींतून येतात. खेड्यातल्या शंभर कोंबड्यांत त्याहून जास्त तऱ्हेचे बी गट सापडण्याची शक्यता असते. प्रत्येक अंगणात ब्रॉयलरचा किंवा संकरित कोंबडा सोडून ती विविधता आपण पुसत चाललो आहोत, आणि ती पुन्हा विकत मिळत नाही.

पैदास कंपन्या प्रतिकारावर भर का देत नाहीत?

देतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. व्हर्जिनियात पॉल सीगल यांनी एकाच कळपातून जास्त प्रतिपिंडं (रोगजंतूंना अडवणारी रक्तातली प्रथिनं) आणि कमी प्रतिपिंडं तयार करणाऱ्या दोन ओळी काढल्या. जास्तवाल्या ओळीचे पक्षी वजनाला हलके भरले. खाद्यातली ताकद वाढीला आणि संरक्षणाला दोन्हीकडे पुरवावी लागते, आणि बाजार पैसे देतो ते किलोला.

दुसरी अडचण पैदाशीची. सर्वांत वरच्या शुद्ध ओळींचे पक्षी जिवापाड जपलेले असतात, त्यांना रोग देऊन पारखता येत नाही. म्हणून त्यांच्या भावंडांना दुसरीकडे विषाणू देतात आणि निकालावरून वरचे पक्षी निवडतात. २००४ मध्ये कोंबडीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाल्यापासून रक्ताच्या थेंबावरून अंदाज बांधता येऊ लागला आणि हे काम जरा सोपं झालं.

हे सगळं प्रयोगशाळांतून आपल्या शेडपर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर पिल्लं घेताना हॅचरीला विचारायचं, मरेकची लस पहिल्या दिवशी दिली का आणि पिल्लाचे आईबाप कोणत्या वाणाचे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लशीचा थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, पुढे देवीची लस आणि आठ-दहा आठवड्यांला राणीखेतचं टोचणं, हे देशी पक्ष्यालाही तितकंच लागतं. लासोटाची बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. घरी पंधराच पक्षी असतील तर गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच सकाळी ती फोडावी, बर्फावर ठेवावी आणि एका घरातून दुसऱ्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात.